प्रकाशक : अज्ञात

शनिवारी रात्री, रबाळ्याच्या शेडमध्ये
ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा वास तेवढा जागा असताना
मी एकशे बारा संगणकांना एकच वाक्य शिकवलं :
यादीत असेल तेच चालेल.

एकशे बारा खुर्च्या रिकाम्या होत्या.
कुणी हरकत घेतली नाही.

यादी माझीच. एकेचाळीस नावं.
हिशेबाचं, पगाराचं, ड्रॉइंगचं, गेटपासचं.
महाप्याच्या एका कंपनीत कुणीतरी
पीडीएफ जोडायचं काहीतरी फुकटातलं उतरवलं
आणि अकरा दिवस भट्टी गार पडली,
पगार दिवाळी उलटल्यावर झाले.
म्हणून मला कुणी दुष्ट म्हणू नये.
म्हणतात. मी कँटीनमध्ये शिरलो
की चहाच्या ग्लासांचाच आवाज उरतो.

सोमवारपासून लॉगमध्ये ओळी पडू लागल्या.
कुठलं टेबल, किती वाजता, काय उघडायला गेलं,
आणि शेवटी एक शब्द : थांबवले.
वाटलं होतं रम्मी असेल, सिनेमे असतील.
होतेच.
पण स्टोअरच्या बागवानबाईंची भिशीही होती.
क्वालिटीतला आल्बर्ट अक्षरं मोठी करून वाचायचा,
ते त्याच दुपारी यादीत घेतलं. बेचाळीस.
आणि कुणीतरी, नाव सांगत नाही,
दारू सोडल्याचे दिवस मोजायचं.
मोजणी दोनशे सहावर थांबली आहे.
माझ्यामुळे.

हिराजी मढवी, डिस्पॅच. रोज संध्याकाळी पाच बेचाळीस,
शिफ्ट सुटून बारा मिनिटं झाल्यावर.
फाइलचं नाव : भरती. प्रकाशक : अज्ञात.
मी रीतसर फॉर्म पाठवला,
कामकाजासाठी गरज काय, तीन ओळींत लिहा.
त्यांनी एकच लिहिली :
पाणी कधी येते ते समजते.

हे कारण कुठल्याच रकान्यात बसेना.
खाली गेलो. मढवी चलनं लावत होते, हसले.
"पान्यासाठी कंपुटर कशाला लागतोय?
आज चवथ ना? चाराची पाऊन, तीन.
तीनला खारी भरली."
एवढं बोलून बोटं मिटली.
"तुजा सर्व्हर ठेवलास ना, तो आमचे आज्याचा खाजन.
तवा पन यादी आलेली.
तीत आमचा नाव व्हता."

मग हे कशाला हवंय, मी विचारलं.
त्यांनी चलनांचा गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला,
तो आधीच सरळ होता.
"पोरान लिवलाय. पयलाच.
निला रंग वर चरत जातो,
त्याला तवा तेवराच येत व्हता."

पोरगा आता कुठे असतो, मी विचारलं नाही.
वर सर्व्हर रूममध्ये फार थंडी असते,
मी तिकडे निघून गेलो.

गुरुवारी ऑडिट झालं. ठाण्याहून आलेला माणूस
यादीवरून पेनचं टोपण फिरवत गेला, बेचाळीसपर्यंत,
आणि म्हणाला, छान, आटोपशीर आहे.

ओळ अजून पडते. चालणार नाही हे त्यांना ठाऊक आहे,
मला ठाऊक आहे हेही.
तरी पाच बेचाळीसला ते दाबतात.
थांबवले.
दुसऱ्या दिवशी, थांबवले.
तीस दिवसांनी लॉग पुसायचा असा नियम आहे,
तोही मीच लिहिला.
मढवींच्या ओळी मी पुसण्याआधी वेगळ्या काढतो
आणि एका फाइलीत ठेवतो.
ती फाइल कुठल्याच यादीत नाही.

काल ओळ उशिरा आली, पाच अठ्ठावन्नला.
उगाच कॅलेंडर पाहिलं. अष्टमी.
आठाची पाऊण
बोटांवर करायला मला जरा वेळ लागला.
सहा.
शेडमागच्या नाल्यात पाणी
आता उलटं चढत असणार.