मातीचा गल्ला

खानापूरच्या कुंभाराकडून आणलेला,
पोटाला एकच फट असलेला गल्ला
सिस्टर कार्मेलिनांनी आल्तारीपाशी ठेवला.
"मिशनच्या मुलांसाठी," म्हणाल्या.
आम्हाला वाटलं, मिशन म्हणजे
लोंढ्याच्या पुढचं एखादं गाव असेल.

उपवासाचे चाळीस दिवस
इनासनं काजूबिया वेचून विकल्या,
आवेलिननं लिमलेटच्या गोळ्या सोडल्या,
मी आईच्या नकळत दोन अंडी
नंदगडच्या बाजारात नेली.
(ते पाप की पुण्य, अजून ठरलेलं नाही.)

मग एकदा नकाशावर सिस्टरांचं बोट टेकलं :
मादागास्कर.
इनास म्हणाला, "तिथं एस्टीवरची पाटी कुठल्या भाषेत?"
घरात कोंकणी, शाळेत मराठी, डेपोत कन्नड,
आमच्यासाठी प्रश्न साधाच होता.
सिस्टर बराच वेळ
नकाशाकडेच बघत राहिल्या.

पास्खाच्या सोमवारी गल्ला फोडला.
एकशे बारा रुपये,
एक किडकी काजूबी,
आणि एक बटण. निळं, चार भोकांचं.
कुणी टाकलं, कुणीच बोललं नाही.
पास्कूची तेरेजा तेवढी
झग्याचा गळा मुठीत धरून उभी.

सिस्टरांनी वहीत लिहिलं :
रुपये एकशे बारा. बटण एक.
रुपये बेळगावला बिशपांकडे गेले.
बटणाचं विचारायचं राहून गेलं.

खापऱ्या आम्ही लगोरीसाठी वाटून घेतल्या.
माझ्या वाट्याला फटीचा तुकडा आला.
तो कुठल्याच लगोरीत
नीट बसला नाही.