कारणाचा रकाना

वासा. छपराचा नव्हे,
बोथनियाच्या आखाताकाठचं शहर.
दफ्तरखान्यात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
इर्मेली पांढरे सुती मोजे हातांवर चढवते
आणि दीडशे वर्षांपूर्वीचा एक खून उघडते,
अलगद,
पान फाटू नये म्हणून.

आजचा दोनशे अकरावा.
स्थळ : लग्नघर. वेळ : नाच संपता संपता.
हत्यार : कमरपट्ट्याला लटकणारी तीच सुरी,
जिनं सकाळी हर्मान्नीनं राईचा पाव कापला होता
आणि भाच्याला विलोच्या फांदीची शिट्टी करून दिली होती.
कारण :
'तो माझ्याकडे बघून हसला.'

साक्षीदार फिनिशमध्ये बोलला,
कारकुनानं स्वीडिशमध्ये लिहून घेतलं.
मधल्या फटीत एक शिवी पडली,
ती अजून कुणाला सापडलेली नाही.

इर्मेलीकडे तक्ते आहेत.
दारू किती, थंडी किती,
डांबराचा धंदा बसला ते साल कुठलं,
धाकट्या मुलांपैकी किती जणांच्या नावावर
वीतभरही जमीन नव्हती.
हल्ली ती बघेही मोजते.
बघ्यांवाचून सुरी म्यानाबाहेर आलेली
क्वचितच दिसते.
परिषदेत ती हे मांडते, लोक माना डोलावतात.
पण कुस्ता त्या रात्री काही एकट्या हर्मान्नीकडे बघून हसला नसणार.
नवरा मुलगा होता त्याचा मावसभाऊ,
पायात नवे बूट होते,
शंभर जणांकडे बघून हसला असेल तो.
उरलेल्या नव्याण्णवांनी काय केलं?
त्यांचा कागद नाही.

परिणामाला न्यायाधीशानं दीड ओळ दिली :
एक मयत. बारा वर्षं सक्तमजुरी.
पुढचं शोधायला चर्चच्या वह्या काढाव्या लागतात.
कुस्ताची बायको सेराफीना, पोटुशी.
घर फिरलं तसे वासे फिरले :
दिरानं आधी एक गाय नेली, मग दुसरी,
मग तिलाच सांगितलं, कुठं जायचं ते बघ.
पाचव्या महिन्यात मुलगा. नेस्तोरी.
हे नाव आपण कुठंतरी...
इर्मेली उठते, मागच्या हिवाळ्यातली टिपणं चाळते.
प्रकरण सदुसष्ट. आरोपी नेस्तोरी, वय बावीस.
मयत : हर्मान्नीचा भाचा.
कारण : 'जुनं भांडण.'

म्हणजे शिट्टीवाला.

ती बराच वेळ काही लिहीत नाही.

हाच विषय का, असं कुणी विचारलं
तर ती अनुदानाबद्दल बोलते.
वडिलांनी कधी हात उगारला नाही.
एकदाच, जेवताना, टेबलावर मूठ आपटली.
दूध सांडलंसुद्धा नाही,
पेल्यात नुसती वर्तुळं उठली,
आई म्हणाली, बटाटे घे.
ती सात वर्षांची होती.
दूध कधीच निवळलं असेल,
ती अजून बघतेच आहे.

साडेचारची बस. उणे अकरा.
एक तरुण कानांत गाणी अडकवून
तिला खांदा मारून पुढे घुसतो.
बघत नाही. हसतही नाही.
तिच्या लोकरीच्या मोज्यात
चार बोटांना मिळून एकच कप्पा,
आत काय मिटलंय ते बाहेरून कळत नाही.
सवयीनं ती नोंदते :
स्थळ : बसथांबा. बघे : सहा.
हत्यार : किल्ल्यांचा जुडगा.
कारण :

बस येते.
ती चढते, खिडकीपाशी बसते,
काचेवर गोठलेली नक्षी नखानं खरवडते.
म्हणजे बोटं सुटली होती तर.
पहिल्या थांब्याला सुटली,
की पुलावर,
की पायरीवर पाय ठेवतानाच,
हे तिलाही सांगता येणार नाही.
दफ्तरखान्यात असल्या गोष्टींचं
कपाट नाही.