सुनेवा

बोटीतून गोवर उतरला फेरोच्या बेटावर.
पंधरवड्यात गावभर पडदे ओढलेले,
मेंढ्या डोंगरात, लोकर अंगावर तशीच.

म्हातारी सुनेवा तेवढी हिंडती.
रश्श्याचं भांडं घेऊन दारोदार.
तापल्या नातवाला हाक मारते
योग्वान म्हणून.
योग्वान तिचा भाऊ,
समुद्रात गेला त्याला चाळीस वर्षं झाली.

सहाव्या वर्षी अंगभर उठलेलं ते लाल पुरळ
तिला आठवतही नाही.

हाडाच्या पोकळीत मात्र कुणी पेशी
वात बारीक करून बसलेली,
पासष्ट वर्षं,
त्या एकाच चेहऱ्यासाठी.

तो उंबऱ्याशी येताच ओळखलं तिने :
तू होय!
पुढचं सगळं आत, बिनबोभाट.

सुनेवाने रश्श्यात मीठ घातलं.
दुसऱ्यांदा.