साडेअकरा मिनिटं

केमी. जानेवारी. उणे अठ्ठावीस.
गॅलरीचं दार चार बोटं उघडं ठेवून
मी थंडी आत घेतो, फुकटची,
आणि प्रोसेसरला पाजतो.
बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेल्या चालीपेक्षा
त्याला मी जास्त पळवतो.
का, ते विचारू नका.
शेजारचा ओस्मो गोठलेल्या समुद्राला भोक पाडून
एका माशासाठी दिवसभर बसतो,
त्याला कुणी विचारतं का?

त्या पहाटे पडद्यावर पाच पस्तीस होते.
बस पाच एक्केचाळीसची.
मफलर गुंडाळला, निवांत उतरलो.
थांब्यावर नुसत्या चाकांच्या खुणा,
त्यांवर भुरभुर बसू लागलेली.

पुढची बस चाळीस मिनिटांनी.
कागदगिरणीत पोचलो तेव्हा
रायली अजून लगद्याच्या टाकीपाशी उभी,
पाळी कधीच संपलेली.
बोलली नाही काही. हातमोजे काढले,
नोंदवही माझ्या हातात दिली.
वेळेचा रकाना तिने कोरा ठेवला होता.

मग शोध.
आधी सेल. आळ नेहमी सेलवरच येतो,
मदरबोर्डच्या कोपऱ्यात गप्प पडलेला, बटणाएवढा.
मीटर लावला: तीन पूर्णांक एक व्होल्ट.
बिचारा निर्दोष. तरी बदलला.
तीन युरो गेले, चूक राहिली.
इंटरनेटवरून वेळ जुळवली;
क्षणभर अगदी खरी,
आणि पुन्हा मागे, आणखी मागे,
दुकानापुढे रेंगाळणाऱ्या पोरासारखी.

शेवटी आईचं जुनं स्टॉपवॉच काढलं,
ती पोरांना पोहायला शिकवायची तेव्हाचं.
त्यावर एक मिनिट,
पडद्यावर सत्तावन्न पूर्णांक सात सेकंद.
पुन्हा एक मिनिट.
पुन्हा सत्तावन्न पूर्णांक सात.
बिलाच्या पाठीवर भागाकार मांडला:
शंभर भागिले एकशे चार.

म्हणजे असं.
सुरू होताना यंत्राने स्वतःची नाडी मोजली, एकशे चार,
आणि तोच आकडा मनात धरून बसलं.
रात्री पंख्याची घरघर नको म्हणून
मीच चालू यंत्राची चाल शंभरवर आणली.
त्याला कुणी कळवलंच नाही.
ते इमानाने पहिल्याइतकेच ठोके मोजून
एकेक सेकंद हातावर ठेवत राहिलं;
ठोकेच सावकाश पडत होते.
पाच तासांत साडेअकरा मिनिटं.

आणि मग पोटात गोळा आला.
रविवारचा तो विक्रम!
चाल उतरवली आणि निकाल सुधारला होता.
मी म्हटलं, थंडीची कृपा.
लाउरीला फोटोसुद्धा पाठवला.
पळणारा तोच,
काठावर घड्याळ धरून उभा तोच.
चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या,
आणि किल्ल्या देणारा मी.

लाउरीला कळवलं, आकडा खोटा आहे.
त्याच्याकडून एक अंगठा आला.
रायलीला तीनदा लिहायला घेतलं.
ठोके, नाडी, एकशे चार,
असलं काही वाचून
तिचे दुखलेले पाय थोडेच बसणार होते?
खोडलं. उद्या चाळीस मिनिटं आधी जाईन.

ओव्हनवरचं घड्याळ अजून उन्हाळी वेळेवर आहे,
ऑक्टोबरपासून एक तास पुढे.
लावायचं राहून गेलं.
पण ते चुकतं रोज तेवढंच,
ना सेकंद कमी, ना जास्त.

यंत्र बंद केलं. गॅलरीचं दार लावलं.
ओव्हनवर सहाला दोन कमी असताना
बूट चढवले.