सामाईक भिंत

हडर्सफील्डच्या एका धर्मादाय दुकानात
अठरा पौंडांना मिळाली ही गिटार.
हिच्या पडद्यांशेजारी आधीच्या कुणीतरी
कागदी टेपचे तुकडे चिकटवून
स्वरांची इंग्रजी नावं लिहिलीत, बाळबोध अक्षरात.
पाचव्या पडद्यापर्यंतच.
पुढे कोरं लाकूड.
तिथे काय झालं असेल त्याचं?
परीक्षा आली, बोटं सोलली,
की घरच बदललं?

मी काळी-पांढरीवर वाढले.
पेटीवर कसं, सगळं समोर दिसतं.
आमच्या बाईंची पट्टी काळी चार, माझी पांढरी पाच,
आणि सा गरीब स्वभावाचा,
बसवाल तिथे बसणारा.
इथे ना काळी ना पांढरी.
सहा तारा, आडवे धातूचे रूळ,
आणि एकच स्वर चार-चार ठिकाणी सापडतो,
माझ्या चष्म्याच्या अगदी उलट.

शिकवणारा किएरन निम्म्या वयाचाही नाही.
व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्तीच्या दुकानावर त्याची खोली.
म्हणतो, "दोन पडदे, दोन पडदे, एक.
मग दोन, दोन, दोन, एक.
एवढंच पाठ करा, मिसेस टिपणीस."
मी बसथांब्यावर पुटपुटते.
शेजारच्या बाईला वाटतं, गोळ्या मोजतेय.
तसंही हॉस्पिटलच्या औषधखिडकीत
तीस वर्षं तेच केलं.

मंगळवारी औषधांच्या कपाटाच्या यंत्राने
माझी डावी तर्जनी ओळखली नाही.
तारेने तिच्यावर नवीन रेघ पाडली होती.
तिसऱ्यांदा लाल दिवा लागला,
मागे रांग खोळंबली,
आणि मी बोट उजेडात धरून
बघत राहिले, अंगठी बघावी तशी.

ग आणि म यांच्यामध्ये कुणी राहत नाही.
नी आणि वरच्या सामध्येही नाही.
बाकीच्यांना मध्ये एकेक बोळ आहे,
या दोन जोड्यांना एकच भिंत,
आमच्या ओळीतल्या घरांसारखी.
माझ्या भिंतीपलीकडे मिस्टर सग्डन.
चाळीस वर्षं ब्रास बँडमध्ये युफोनियम वाजवला,
आता छाती साथ देत नाही,
खोकला तेवढा ऐकू येतो.

परवा रात्री नीपर्यंत आले
आणि दूध उतू गेलं.
गिटार सोफ्यावर राहिली, ती राहिलीच.

सकाळी कचऱ्याच्या डब्यांपाशी ते उभे,
गाऊनवर, पायात सपाता.
"अहो, रात्रभर एका पायावर उभं ठेवलंत मला.
दोन वाजता शेवटी मीच म्हटला तो स्वर,
तेव्हा कुठे डोळा लागला."
मी माफी मागू लागले.
ते वळले होते. पाठमोरेच म्हणाले,
"आणि दुसरी तार उतरलीये."

आज खुर्ची भिंतीला टेकवून बसले.
दुसरी तार जराशी चढवली.
दोन, दोन, एक. दोन, दोन, दोन.
नीवर आले
आणि मुद्दाम थांबले.

पलीकडचा खोकलाही थांबला.