ओलं लाकूड

सेन्योरा ओंदिनाने कागद टेबलावर पालथा ठेवला
आणि आधी विचारलं, पाणी हवंय का कुणाला.
तेव्हाच मी समजलो.

आमच्या वाल्दिव्हियात ही तपासणी सुईणच करते.
ज्या हातांनी मारित्साच्या बहिणीची तिन्ही पोरं
उजेडात आणली, त्याच हातांनी
मारित्साच्या गर्भाशयाच्या तोंडाशी छोटा ब्रश फिरवून
बाटली प्रयोगशाळेत धाडली होती.
आम्ही तर विचारायला गेलो होतो,
फॉलिक अॅसिडची गोळी सकाळी घ्यायची की रात्री.

एचपीव्ही. प्रकार सोळा.
होय, जोखमीचा. नाही, कर्करोग नव्हे.
गुरुवारी भिंगातून बघतील, चिमूटभर तुकडा काढतील.
सेन्योरा बोलत होती, मारित्सा लिहून घेत होती
किराणा लिहावा तशी, एकाखाली एक.
मी खिडकीबाहेर बघत होतो. मासळीबाजाराच्या धक्क्यावर
एक समुद्रसिंह, कुणाच्या बापाचं देणं नसल्यासारखा
आडवा पडला होता.

त्या रात्री मी हिशेब मांडला.
सांगायला लाज वाटते, पण मांडला.
आमची सहा वर्षं. त्याआधीचा तो तेमुकोचा शिक्षक.
त्याआधी कोण? आणि मध्ये ती महिनाभर आईकडे राहिली, तेव्हा?
बोटांची पेरं संपली, संशय संपेना.

पहाटे तिनेच चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली,
"एलिसेओ, विचार. गिळू नकोस."
काय विचारू?
"जे रात्रभर मोजत होतास, ते."

विचारलं नाही. सेन्योराला फोन केला,
म्हटलं, माझीही तपासणी करा.
पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणीच नाही, ती म्हणाली.
आणि हा विषाणू वर्षानुवर्षं मुकाट बसतो अंगात,
कुणी कुणाला दिला, ते देवालाही विचारू नका.
फोन ठेवला, आणि आठवलं
चिलोएतलं सॅमनच्या पिंजऱ्यांवरचं ते वर्ष,
मी तेवीसचा, शनिवारची रात्र,
जिचं आडनावही मी विचारलं नव्हतं, ती.

म्हणजे मारित्साकडे कागद आहे
आणि माझ्याकडे कागद नाही.
एवढंच माझं निर्दोष असणं.

मी होड्या बांधतो. मान्यिओच्या फळ्या
मध्ये काठ्या घालून, वारा खेळेल अशा रचतो.
इंचाला एक वर्ष, माझा गुरू डॉन अबेलार्दो म्हणायचा,
घाईने सुकवलेलं लाकूड आतून उलतं,
वरून कळतही नाही.
बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत याला हुसकून लावतं,
असं सेन्योरा म्हणाली होती.
बहुतेकांचं.
त्या एका शब्दावर मी दिवसभर रंधा मारत बसलो.

गुरुवारी तिच्या उशाशी उभा राहिलो.
व्हिनेगरचा वास. "कोशिंबीर करतायत माझी,"
ती कुजबुजली आणि हसली,
आणि हसता हसता तिची नखं माझ्या मनगटात रुतली.

निकाल आला. हलके बदल. आत्ता कापायचं नाही, वर्षाने परत.
आणि मूल? मी विचारलं.
"त्याला कशाला थांबवता?" सेन्योरा म्हणाली,
आणि पुढच्या बाईला हाक मारली.

काल कॅलेंडरवर लाल गोल केलेला दिवस होता.
तसाच गेला. भोपळ्याच्या पुऱ्या तळल्या,
तिने गार पाय माझ्या मांडीवर ठेवले.
तुला माझा राग येतो का?
"कधीकधी," ती म्हणाली. "मंगळवारी जास्त."

आज बुधवार. वखारीतल्या खालच्या थरातून
एक फळी ओढून काढली, बोटाने ठोकून पाहिली.
ओली आहे अजून.
तरी माप घेऊन वेगळी ठेवली, लहान माप.
कशाला, ते मारित्साला सांगितलं नाही.
तिनेही विचारलं नाही. डबा द्यायला आली होती,
जाताना फळीवरून नुसता हात फिरवला,
रेषांच्या दिशेने, सावकाश,
कुसळ लागू नये असा.