आठवा नंबर

माझं काम आकड्यांचं.
रंगमंचाच्या डाव्या अंगाला पितळी चौकट होती,
सोंग बदललं की तिच्यातली पाटी बदलायची.
एक म्हणजे कसरत करणारे ग्रीक बंधू
(दोघंही डंडीचेच, आणि बंधू तर मुळीच नव्हेत),
चार म्हणजे कुत्री,
पाचला एक गृहस्थ समुद्रावरची गाणी म्हणत,
तेवढ्यात लोक बिअर आणून घेत.
आठ म्हणजे यूफी लॉरिमर.

आठ लावला की गॅलरी नुसती खदखदायची.

गॅलरी कुणाची, ते आधी सांगतो.
तागाच्या गिरणीतल्या बायकांची.
दोन पेन्यांत लाकडी बाक,
शालींना देवमाशाच्या तेलाचा वास,
केसांत बंगालहून आलेलं तूस,
आणि कान.
भिंतीला कान असतात म्हणतात;
यांच्या कानांनाच भिंती झाल्या होत्या.
रोज दहा तास मागांचा खडखडाट,
तिशीच्या आत ऐकणं संपायचं.
म्हणून त्या ओठ वाचायच्या, बोटांनी भांडायच्या,
खाली पिटात नवरा काय पुटपुटला
ते वर बसून बरोबर टिपायच्या.
यूफी त्यांच्यातलीच. बाराव्या वर्षी बॉबिनी उचललेली.

त्या शुक्रवारी मिस्टर पिटकेथ्ली आले,
नगरपालिकेच्या समितीकडून.
गळ्यापर्यंत बटणं, गुडघ्यावर वही,
पेन्सिलीचं टोक जिभेवर.
मॅनेजर विंगेत घाम पुसत म्हणाला,
बाई, एक शब्द वावगा गेला
तर सोमवारी दाराला कुलूप.
ती हॅटची पिन नीट करत म्हणाली,
एकही शब्द जायचा नाही.

गाणं नवऱ्याचं होतं.
बायको गिरणीत, तो घरात बसून किटली उकळतो.
तीन कडवी अगदी प्रार्थनेत म्हणावी अशी.
चौथ्याला, नेमक्या त्या ओळीवर,
बँड वाजत राहिला
आणि यूफीनं आवाज तेवढा काढून घेतला.
ओठ चालूच.

पिट गप्प. खुर्च्यांतले साहेब गप्प.
मग वरून
गोदीत तागाचे गठ्ठे कोसळावेत तसं हसू आलं.
बाईवर बाई पडली.
बेथिया मिल्नची शाल कठड्यावरून निसटून
थेट ट्रॉम्बोनवर.
पिटकेथ्लींनी वर पाहिलं, समोर पाहिलं,
कोऱ्या पानाकडे पाहिलं.
काय म्हणाली ती?
काही नाही साहेब, शेजारचा म्हणाला,
आणि ते खरंच होतं.

वन्स मोअर! टाचा, मुठी, कठडा.
ती पुन्हा काहीच म्हणाली नाही.
मग तिसऱ्यांदा.

मी चार हातांवर, पाटी धरून.
मला दिसला फक्त तिचा गाल
आणि मानेची ताणलेली शीर.

पुढं तिथंच पडदा लागला.
मुकी चित्रं आली, गॅलरी पुन्हा भरली.
पडद्यावर नायक प्रेयसीपाशी ढसाढसा रडायचा,
आणि बायका हसायच्या:
अगं, तो पगार थकलाय म्हणतोय!
मग चित्रं बोलायला लागली.
त्यांनी येणं सोडलं.
आता तिथं गालिचे विकतात. जिना तोच आहे.

माझी आई त्या शुक्रवारी तिसऱ्या रांगेत होती.
म्हातारपणी एकदा विचारलं,
तिच्यासमोर बसून, तोंड मोठं करून:
त्या रात्री यूफी काय म्हणाली होती?
आई बटाटे सोलत होती.
खिडकीकडे बघितलं, घरात तिसरं कुणी नव्हतं,
तरी तिनं आवाज न करता
ओठांनीच सांगितलं.
आणि खांदे हलेपर्यंत हसली.

माझे कान शाबूत आहेत. ओठ मला कधी वाचता आले नाहीत.
पुन्हा सांग, म्हटलं.
तिनं पुन्हा सांगितलं,
आणि सुरीला चिकटलेली साल झटकली.